लेबलिंगनंतर स्टेम पेशींबाहेर राहणारे लोहाचे पुंजके: कारण कसं शोधायचं, काय बदलायचं

एमआरआयवर स्टेम पेशींचा माग काढता यावा म्हणून त्यांच्यात आधी लोहाचे सूक्ष्म कण भरतात, त्याला लेबलिंग म्हणतात. रात्रभर लेबलिंग करून सकाळी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की पेशींच्या आत, केंद्रकाभोवती बारीक तपकिरी ठिपके दिसायला हवेत. त्याऐवजी पेशींमधल्या मोकळ्या जागेत चहाच्या चोथ्यासारखे पुंजके दिसतात, काही पेशींच्या कडांना चिकटलेले असतात. पीबीएसने, म्हणजे धुण्याच्या साध्या क्षार-बफरने, तीनदा धुऊनही ते हटत नाहीत. प्रशियन ब्लू, म्हणजे लोह निळं दाखवणारं रंजन, करावं तर पेशींसोबत पार्श्वभूमीही निळी होते.

इथे गृहीत धरलेली पद्धत अशी: अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल स्टेम पेशी, आणि फेरुमॉक्सिटॉल (लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण), हेपारिन (रक्त गोठू न देणारं) व प्रोटामिन (हेपारिनचा उतारा) या तीन औषधांचं मिश्रण. ही पद्धत २०१२ साली नेचर मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या कामात उंदराच्या मेंदूत सोडलेल्या १,००० लेबल केलेल्या पेशी एमआरआयवर दिसल्या होत्या. त्याआधी फेरुमॉक्साइड हे जुनं लोहकणांचं औषध वापरायचे, पण त्याचं उत्पादन २००८ मध्ये थांबलं. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांतली प्रमाणं आज तशीच उचलता येत नाहीत. हा मुद्दा पुढे परत येईल.

पुंजके नुसते दिसायला वाईट असते तर सोडून दिले असते. पण एमआरआय पेशी पाहत नाही, लोह पाहतो. २० मायक्रॉन व्यासाचा एक पुंजका घ्या आणि त्याच्या आकारमानाचा फक्त दहावा हिस्सा लोह ऑक्साइडचा धरा. तरी त्यात सुमारे दीड नॅनोग्रॅम लोह बसतं. पेशीमागे १० पिकोग्रॅम लोह धरलं, तर तो एकटा पुंजका १५० पेशींइतका काळा डाग देतो. इंजेक्शननंतर हे मोकळं लोह तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे परके कण गिळणाऱ्या, पेशी खातात आणि डाग आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. स्टेम पेशी मरून गेल्या तरी प्रतिमेत त्या ‘टिकून’ असतात.

आधी एक हिशेब

टी-७५ फ्लास्कमध्ये ७० ते ८० टक्के भरलेल्या अवस्थेत ढोबळमानाने १० लाख मेसेन्कायमल पेशी असतात. १० मिलिलिटर मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम लोह दिलं, म्हणजे एकूण ५०० मायक्रोग्रॅम, पेशीमागे ५०० पिकोग्रॅम. पेशी आत घेते १० ते २० पिकोग्रॅम. उरलेलं ९६ ते ९८ टक्के लोह धुऊन काढायचं असतं. म्हणून धुणं हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे, आणि तीच पायरी सर्वांत घाईत उरकली जाते.

दुसरा हिशेब विद्युतभाराचा. फेरुमॉक्सिटॉलचं आवरण ऋणभारित, पेशीचं पटलही ऋणभारित, त्यामुळे नुसतं फेरुमॉक्सिटॉल या पेशी फार कमी घेतात. प्रोटामिन धनभारित असल्याने ते पुलाचं काम करतं. हेपारिन तीव्र ऋणभारित. ते प्रोटामिनला बांधून ठेवतं आणि तिघांचे बारीक, स्थिर संकुल तयार होतात. शल्यगृहात १ मिलिग्रॅम प्रोटामिन साधारण १०० युनिट हेपारिन निष्प्रभ करतं, हे प्रमाण सर्वांच्या ओळखीचं आहे. तेच इथे लावा: मिलिलिटरला २ युनिट हेपारिनसाठी २० मायक्रोग्रॅम प्रोटामिन लागतं. कृतीत प्रोटामिन ६० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे ढोबळमानाने ४० मायक्रोग्रॅम लोहकणांना आणि पेशींना बांधायला शिल्लक. ही शिल्लक बिघडली की सगळं बिघडतं. पुढची बहुतेक कारणं या एका ओळीतून निघतात.

१० मिलिलिटरची कृती

तिन्ही साठे आधी सीरमविरहित आरपीएमआय मीडियममध्ये दहापट पातळ करा. ३० मिलिग्रॅम लोह प्रति मिलिलिटर असलेलं फेरुमॉक्सिटॉल ३ मिलिग्रॅमवर येईल, १० मिलिग्रॅमचं प्रोटामिन १ मिलिग्रॅमवर आणि १,००० युनिटचं हेपारिन १०० युनिटवर. मग ९ मिलिलिटर सीरमविरहित मीडियममध्ये हेपारिन २०० मायक्रोलिटर, प्रोटामिन ६०० मायक्रोलिटर, फेरुमॉक्सिटॉल १६७ मायक्रोलिटर. प्रत्येक भर घालताना नळी हलकेच फिरवत राहा, थेंबाथेंबाने घाला, शेवटी ५ ते १० मिनिटं मंद हलवा आणि लगेच पेशींवर घाला.

आधी पातळ का करायचं? १६.७ मायक्रोलिटर घट्ट फेरुमॉक्सिटॉल थेट पिपेटने सोडलं, तर टोकाशी काही क्षण लोह आणि प्रोटामिन भलत्याच प्रमाणात भेटतात, भार तिथल्या तिथे शून्य होतो आणि गठ्ठा बनतो. एकदा बनलेला गठ्ठा नंतर कितीही हलवला तरी मोडत नाही. घालण्याचा क्रम प्रत्येक वेळी तोच ठेवा. आज एक क्रम, उद्या दुसरा असं केलं तर संकुलांचा आकार बदलतो आणि दोन बॅचची तुलनाच उरत नाही.

मिश्रण झाल्यावर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळू नका. लोह पटलावर अडकतं आणि खाली किती उतरलं ते कळत नाही. इंजेक्शनचे साठे निर्जंतुकच असतात. उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवू नका. ठेवलेल्या नळीच्या तळाशी साका दिसतो, तोच उद्या फ्लास्कमध्ये पुंजके म्हणून दिसेल.

पेशी मिश्रण घालण्यापूर्वी सीरमविरहित मीडियमने दोनदा धुवा. दोन तास ३७ अंशांवर ठेवा. मग २० टक्के सीरम असलेलं तेवढंच मीडियम, म्हणजे १० मिलिलिटर, वरून घाला आणि रात्रभर ठेवा.

काय दिसतं त्यावरून कारण

*मिश्रणातच, पेशींवर घालण्याआधी, तपकिरी कण दिसतात.* घट्ट साठे थेट मिसळले गेले, मिश्रण फार वेळ उभं राहिलं किंवा मीडियममध्ये सीरम होतं. सीरममधली प्रथिनं प्रोटामिनला आणि कणांना दोन्हींना चिकटतात. ‘थोडंसं सीरम असू दे, पेशींना बरं’ असं म्हणून पहिल्या दोन तासांत सीरम ठेवण्याची सवय फार जणांना असते. ती सोडा. दोन तासांत मेसेन्कायमल पेशींना उपाशी राहून काही होत नाही.

*मिश्रण दुधाळ, पांढरट, आणि सकाळी पेशी जवळपास रिकाम्या.* हेपारिन जास्त झालं. भारतात हेपारिनची ५ मिलिलिटरची कुपी दोन ताकदींत मिळते: मिलिलिटरला १,००० युनिट आणि मिलिलिटरला ५,००० युनिट. दोन्ही कुप्या दिसायला सारख्याच. १,०००ची समजून ५,०००ची घेतली तर मीडियममध्ये २ ऐवजी १० युनिट हेपारिन पडतं. त्याला निष्प्रभ करायलाच १०० मायक्रोग्रॅम प्रोटामिन हवं, तुमच्याकडे आहे ६०. लोहाला बांधायला काहीच उरत नाही. मिलिलिटरला १० युनिट ही तर धुण्याच्या द्रावणाची मात्रा आहे, म्हणजे लेबलिंग चालू असतानाच तुम्ही ते धुऊन काढत असता. पेटीवरचा एकूण आकडा न वाचता कुपीवरचा ‘प्रति मिलिलिटर’ आकडा वाचा आणि वहीत तो साठ्याच्या बॅच क्रमांकासोबत लिहा.

*मोठे तपकिरी पुंजके, पेशी आक्रसलेल्या, काही सुटून वर तरंगणाऱ्या.* उलटी चूक: हेपारिन कमी किंवा प्रोटामिन जास्त. बांधलं न गेलेलं प्रोटामिन पेशीपटलाला आणि प्लास्टिकलाही चिकटतं आणि त्यावर लोह थरावर थर बसतं. धनभारित रेणू जास्त झाले की पेशींना ते मारकही ठरतात. ५,०००च्या कुपीचा हिशेब करून १,०००ची कुपी वापरली तर नेमकं हेच होतं.

*मिश्रण स्वच्छ, पुंजके नाहीत, पण पेशीही फिक्या.* प्रोटामिनचं प्रमाण जुन्या फेरुमॉक्साइडच्या कृतीतून घेतलंय का ते तपासा. तिथे मिलिलिटरला ३ ते ६ मायक्रोग्रॅम पुरायचं, कारण फेरुमॉक्साइडचे कण मोठे आणि आवरण साध्या डेक्स्ट्रानचं होतं. फेरुमॉक्सिटॉलचा कण त्याच्या कितीतरी लहान, आवरण वेगळं, आणि वर हेपारिनही आहे.

*दोन तासांपर्यंत सगळं नीट, सकाळी मात्र जाळीदार, चिकट थर आणि त्यात अडकलेलं लोह.* तुमच्या मीडियममध्ये गाईच्या वासराच्या सीरमऐवजी मानवी प्लेटलेट लायसेट, म्हणजे फोडलेल्या प्लेटलेटचा अर्क, आहे का? हे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर. प्लेटलेट लायसेटमध्ये फायब्रिनोजेन, म्हणजे गोठून फायब्रिनचं जाळं बनवणारं प्रथिन, असतं. मीडियममधल्या कॅल्शियममुळे ते गोठू नये म्हणून मिलिलिटरला साधारण २ युनिट हेपारिन आधीच घातलेलं असतं. आता फ्लास्कमध्ये प्रोटामिन आहे. लायसेटचं मीडियम घातलं की प्रोटामिन निम्म्यावर, म्हणजे ३० मायक्रोग्रॅमवर येतं, तरी ते ३ युनिट हेपारिन निष्प्रभ करू शकतं. गोठणं रोखणारं हेपारिनच गेलं, की फायब्रिनचं जाळं धरू शकतं आणि ते जाळं लोह गोळा करतं. तुमच्या पेशी प्लेटलेट लायसेटवर वाढत असतील तर दोन तासांनी मिश्रण काढून टाका, एकदा धुवा आणि मगच लायसेटचं ताजं मीडियम घाला. पेशीमागे लोह थोडं कमी मिळेल, पण जे मिळेल ते आत असेल. लेबलिंगआधी दोनदा धुणंही इथे टाळून चालत नाही. मागे राहिलेल्या हेपारिनने तुमचा भाराचा हिशेब सुरुवातीलाच चुकतो.

*पुंजके फ्लास्कच्या काही भागांतच, दाट वस्तीत.* पेशी ९० टक्क्यांच्या पुढे गेल्या होत्या. मेसेन्कायमल पेशी दाटीत भरपूर कोलॅजन आणि इतर आधारद्रव्य सोडतात, त्या चादरीत संकुलं रुतून बसतात. ७० ते ८० टक्क्यांवरच लेबल करा. पॉलि-एल-लायसिनचं लेपन असलेल्या काचेवर किंवा फ्लास्कवर तर लेबलिंग करूच नका. ते लेपन स्वतःच धनभारित असल्यामुळे लोह पेशींआधी काचेला चिकटतं. पेशी रंगवून पाहायच्याच असतील तर आधी साध्या फ्लास्कमध्ये लेबल करा, सोडवा, धुवा आणि मग काचेवर घ्या.

धुणं

साध्या पीबीएसने पृष्ठभागावरचं लोह निघत नाही, कारण ते भारांनी धरलेलं असतं. त्याला प्रोटामिनपासून सोडवणारा प्रतिस्पर्धी हवा, आणि तो म्हणजे हेपारिन. ५०० मिलिलिटर पीबीएसच्या बाटलीत १,००० युनिट ताकदीची ५ मिलिलिटरची एक अख्खी कुपी ओता. मिलिलिटरला जवळजवळ १० युनिटचं द्रावण तयार. शक्यतो संरक्षक द्रव्य नसलेलं हेपारिन घ्या. पेशी अजून तळाला चिकटलेल्या असताना कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं पीबीएस वापरा, नाहीतर धुता धुता पेशी सुटतील.

आधी कोमट साध्या पीबीएसने एकदा. मग हेपारिनच्या द्रावणाने तीनदा, दर वेळी १० मिलिलिटर, २ ते ३ मिनिटं ठेवून आणि फ्लास्क हलकेच डोलवून. घातलं आणि लगेच ओतलं, याला धुणं म्हणत नाहीत. हेपारिनला प्रोटामिनशी झगडायला वेळ लागतो. नंतर साध्या पीबीएसने एकदा, मग पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन-ईडीटीए. ट्रिप्सिनने पटलावर उरलेलं थोडंफार लोहही प्रथिनांसोबत निघून जातं. सीरमने ट्रिप्सिन थांबवा, ३०० जीवर (गुरुत्वाच्या ३०० पट) ५ मिनिटं फिरवा, वरचं द्रावण टाका, हेपारिनच्या पीबीएसमध्ये पुन्हा मिसळा आणि परत फिरवा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला सेंट्रिफ्यूजचा. सुटे बारीक कण ३०० जीवर वरच राहतात, पण मोठे पुंजके पेशींसोबत तळाला जातात. वेग वाढवला तर आणखी जातात. दुसरा गाळणीचा. ४० मायक्रॉनची गाळणी आधारद्रव्याच्या चिंध्या अडवते म्हणून ती वापराच, पण वर हिशेबात धरलेला २० मायक्रॉनचा पुंजका तिच्यातून आरामात खाली उतरतो. पुंजके खरोखरच असतील तर पेशी घनतेच्या थरावर, फिकॉल किंवा परकॉलवर, वेगळ्या कराव्या लागतात. चुंबकीय स्तंभ मात्र वापरू नका. तो लेबल न झालेल्या पेशी काढून टाकतो हे खरं, पण मोकळे पुंजके पेशींपेक्षाही घट्ट धरून ठेवतो आणि शेवटी तुमच्याच नळीत आणून सोडतो.

आत की बाहेर: खात्री

फेज काँट्रास्टखाली २० पटीच्या भिंगाने पाहताना फ्लास्कला हलका टिचका द्या. मीडियमसोबत हलणारे कण बाहेरचे. पण न हलणारे सगळे आतले असतील असं नाही, पटलावर चिकटलेलेही हलत नाहीत. म्हणून खरी चाचणी मोजमापाची. एकाच दिवशी लेबल केलेले दोन फ्लास्क घ्या. एक फक्त पीबीएसने धुवा, दुसरा हेपारिनने. दोन्हींत पेशीमागे लोह मोजा. दोघांतला फरक म्हणजे बाहेरचं लोह. तिसरा फ्लास्क पेशींविना ठेवा: तेच मीडियम, तेच मिश्रण, तितकाच वेळ, तेच धुणं. त्यात शेवटी लोह सापडलं तर दोष पेशींचा नाही, धुण्याचा किंवा मिश्रणाचा आहे. हा पेशीविरहित फ्लास्क सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका. दुर्मीळ प्राथमिक पेशींवर हात बसवण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातली एखादी चिकटून वाढणारी पेशीरेषा घेऊन धुण्याचा सराव आधी करा.

लोह फेरोझिनने, म्हणजे लोहाशी जुळून रंग देणाऱ्या रसायनाने, मोजता येतं. एक लाख पेशींची गोळी स्क्रूच्या झाकणाच्या नळीत १०० मायक्रोलिटर ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६५ ते ७० अंशांवर रात्रभर ठेवा. बर्फावर ठेवून १०० मायक्रोलिटर ६ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने शमवा. मग २०० मायक्रोलिटर पाणी आणि १०० मायक्रोलिटर अभिकर्मक: ६.५ मिलिमोलर फेरोझिन, ६.५ मिलिमोलर निओक्युप्रॉइन, २.५ मोलर अमोनियम अ‍ॅसिटेट, १ मोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. अर्ध्या तासाने ५६२ नॅनोमीटरवर वाचा. पेशीमागे १० पिकोग्रॅम असेल तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये वाचन १ च्या आसपास येतं. रंग आलाच नाही तर आधी आम्लता तपासा, आम्ल शमलं नसेल तर फेरोझिनचा रंग उमटत नाही. मानक म्हणून नुसतं लोहाचं क्षार न घेता फेरुमॉक्सिटॉलही नमुन्यांसोबतच आम्लात विरघळवा. कण पूर्ण विरघळले की नाही, ते त्यावरूनच कळतं.

प्रशियन ब्लूत पार्श्वभूमी निळी आली म्हणून घाबरण्याआधी लेबल न केलेल्या पेशींचा नमुना पाहा. तोही निळसर असेल तर लोह नळाच्या पाण्यातून किंवा गंजलेल्या चिमट्यातून आलेलं आहे. विआयनीकृत पाणी आणि प्लास्टिकचा चिमटा घ्या. २ टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड आणि २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल समभाग, वापरायच्या वेळीच मिसळा, २० ते ३० मिनिटं ठेवा. रंग लवकर यावा म्हणून मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, फेरोसायनाइड आणि आम्ल तापवणं धोक्याचं आहे.

स्कॅनरकडे जाण्याआधी

अ‍ॅगरोजमध्ये पेशींचा फँटम (स्कॅनरच्या चाचणीचा नमुना) करताना हवेचे बुडबुडे राहिले तर टी-टू-स्टार, म्हणजे लोह ठळक दाखवणाऱ्या, एमआरआय प्रतिमेत ते लोहासारखेच काळे दिसतात. अ‍ॅगरोज निर्वात करून घ्या, आणि शंका आली तर तोच भाग स्पिन एको या दुसऱ्या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेवर पाहा. हवेचा डाग तिथे बराच आक्रसतो.

प्राण्यातल्या प्रयोगात एक गट गोठवून-वितळवून मारलेल्या लेबल पेशींचा ठेवा, तितक्याच संख्येचा. चौथ्या आठवड्यात जिवंत आणि मृत गटांचे डाग सारखे दिसले, तर तुम्ही मॅक्रोफेजच पाहत आहात. सुईने झालेल्या रक्तस्रावातलं हिमोसिडेरिनही, म्हणजे रक्तातून उरलेलं लोहही, असाच डाग देतं, म्हणून नुसतं मीडियम टोचलेला गटही हवा. कूर्चेसाठी पेशी तयार करत असाल तर लेबलनंतरची कूर्चानिर्मिती स्वतंत्र तपासा. फेरुमॉक्साइड आणि पॉलि-एल-लायसिनने लेबल केलेल्या पेशींत ती खुंटल्याचं २००४ सालीच दिसलं होतं, चरबी आणि हाड मात्र नीट तयार झालं. माणसात द्यायचा विचार असेल तर २०१७च्या राष्ट्रीय स्टेम पेशी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्यताप्राप्त चिकित्सा-चाचणीबाहेर ते करता येत नाही.

पुंजके झालेली बॅच वाचवायची का? हेपारिनने धुतलेल्या आणि न धुतलेल्या फ्लास्कमधला फरक मोठा असेल, पण हेपारिननंतर पेशींमध्ये नुसते केंद्रकाभोवतीचे ठिपके उरले असतील, तर ती बॅच चालते. हेपारिनच्या तीन फेऱ्यांनंतरही मोकळ्या जागेत पुंजके दिसत असतील तर ते प्रोटामिनच्या भाराने धरलेले नाहीत, मिश्रणातच गोठून आलेले आहेत. चौथ्या-पाचव्या धुण्याने ते जाणार नाहीत, पेशी तेवढ्या कमी होतील. ती बॅच इंजेक्शनला देऊ नका. फेरोझिनच्या सरावाला वापरा आणि मिश्रण नव्याने, पातळ साठ्यांपासून बनवा.